बंद घरांचा हिशेब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३१ मार्चच्या रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे १ एप्रिलची पहाट असते, साडेपाचची. त्या घटकेला तिथल्या सरकारी पोर्टलचं दार बंद होतं. मागच्या अख्ख्या वर्षात दवाखान्याने काय काम केलं त्याचे आकडे तोवर चढवलेले असले तर ठीक. नसले तर दोन वर्षांनी डॉक्टरांच्या पैशांत कपात.

यंदा आमच्या टीमचं शेवटचं सबमिशन रात्री पावणेतीनला गेलं. पोहोच आली, तिची पीडीएफ काढून फोल्डरमध्ये ठेवली आणि पाचच्या कॅबने ऐरोलीहून निघाले. मुलुंडच्या पुलावर अजून अंधार होता, खाडीवरून ओहोटीचा वास येत होता. भांडुपला घरी पोहोचले तर आई जागी. तिने चहा टाकला आणि दरवर्षी विचारते तेच विचारलं, "झाले का गो पास तुझे डॉक्टर?"

अमेरिकेतल्या दवाखान्यांचे हे आकडे काढून पोर्टलवर चढवायचं काम आमची कंपनी करते, आणि मी ते आठ वर्षं करतेय. मी नेमकं काय करते हे घरी कुणाला धड सांगता येत नव्हतं. मागच्या वर्षी एका प्रसंगात ते मलाच नीट उमगलं, आणि उमगलं ते आईमुळे. म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधी थोडक्यात व्यवस्था सांगते. अमेरिकेत मुख्यतः पासष्टीपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. पूर्वी डॉक्टरने जितके पेशंट पाहिले, जितक्या तपासण्या केल्या, तितके पैसे मिळायचे. काम चांगलं झालं की वाईट, बिल तेवढंच. २०१५ मध्ये तिथे कायदा झाला आणि २०१७ पासून डॉक्टरांना गुण देणं सुरू झालं. त्याला सगळे मिप्स म्हणतात. एकूण १०० गुण. त्यांत उपचारांच्या गुणवत्तेला ३०, खर्चाला ३०, इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या वापराला २५ आणि सुधारणेच्या उपक्रमांना १५. लहान दवाखान्यांसाठी ही वाटणी थोडी बदलते. ७५ ही पास होण्याची रेषा. त्याखाली गेलात तर मेडिकेअरच्या पैशांत जास्तीत जास्त ९ टक्के कपात, आणि १८.७५ किंवा त्याहून कमी गुण असले तर पुरती ९. ही कपात ज्यांची होते त्यांच्याच पैशांतून वर गेलेल्यांची वाढ निघते. २०२४ चं काम २०२५ च्या मार्चअखेर कळवायचं, त्याचा परिणाम २०२६ च्या बिलांत दिसायचा.

गुणवत्तेसाठी दवाखान्याने किमान सहा मेजर निवडायचे. आमच्याकडे सगळे मेजरच म्हणतात, मोजमाप कुणी म्हणत नाही. रक्तदाब आटोक्यात आहे का, आतड्याच्या कॅन्सरची चाचणी झाली का, नैराश्याबद्दल विचारपूस झाली का, असे पुष्कळ आहेत. प्रत्येक मेजर म्हणजे शाळेतला साधा अपूर्णांक. छेदात कोण येतं, अंशात कोण येतं, आणि छेदातून नियमाने कोण वगळलं जातं. आठ वर्षांत मला कळलंय की सगळी भांडणं छेदावर होतात. अंशाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. छेदात कुणी हात घातला तर पटकन कळत नाही.

डायबिटीसचं मेजर हे जवळजवळ प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या यादीत असतं. १८ ते ७५ वयाचे, डायबिटीस असलेले, आणि त्या वर्षात दवाखान्यात किमान एकदा येऊन गेलेले सगळे छेदात. त्यांतल्या कितीजणांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९ च्या वर आहे ते अंशात. हे मेजर उलटं आहे, टक्का जितका कमी तितकं चांगलं. नवीन मुलं इथे हमखास अडखळतात. आमच्याकडे एक हुशार मुलगा आला होता, बी. फार्म झालेला. त्याने पहिल्याच आठवड्यात एका दवाखान्याचे ७० टक्के बघून "मस्त आहे" असा शेरा मारला. त्याला शेजारी बसवून समजावलं की बाबा, याचा अर्थ शंभरातल्या सत्तर जणांची साखर हाताबाहेर गेलीय, निदान कागदावर तरी.

कागदावर तरी, असं का म्हटलं? तर या मेजरमध्ये एक गोष्ट आहे. ज्याची तपासणीच झालेली नाही, ज्याचा रकाना रिकामा आहे, त्यालाही नऊच्या वरच धरतात. माहीत नाही म्हणजे वाईट. त्या मुलाला हे अन्यायाचं वाटलं. "मॅडम, त्याची साखर सहा पण असू शकते ना?" असू शकते. तेव्हा माझ्याकडेही त्याला द्यायला चांगलं उत्तर नव्हतं. नियम आहे, एवढंच सांगितलं.

आता प्रसंग. २०२४ चा फेब्रुवारी, २०२३ च्या आकड्यांचं काम चालू. चार डॉक्टर आणि एक नर्स प्रॅक्टिशनर असलेला एक दवाखाना, लहानशा गावातला. ओळख पटू नये म्हणून आकडे मी थोडे बदलून देतेय, प्रमाण तेच आहे. छेदात ३३८ पेशंट. अंशात १२६. म्हणजे ३७ टक्के, खूपच वाईट. उघडून बघितलं तर १२६ पैकी खरोखर नऊच्या वर होते ४३. उरलेले ८३ म्हणजे रिकामे रकाने.

रिकामा रकाना दिसला की आमचं शोधकाम सुरू होतं. अमेरिकेत दवाखान्यांमधले कागद अजूनही मोठ्या प्रमाणावर फॅक्सने फिरतात, हे इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पेशंटने तपासणी दुसरीकडे केलेली असते, एखाद्या हॉस्पिटलात किंवा डायबिटीसच्या तज्ज्ञाकडे. तिथून रिपोर्ट फॅक्सने येतो. रिसेप्शनवरचं माणूस तो स्कॅन करून पेशंटच्या फाइलीत टाकतं. डॉक्टरला तो वाचता येतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते नुसतं चित्र. मेजर मोजणारं सॉफ्टवेअर ठरलेल्या कोडखाली, ठरलेल्या जागी आकडा शोधतं. तिथे काही नसलं की रकाना रिकामा.

मग एकेक फाइल उघडायची. हॉस्पिटलच्या डिस्चार्जचे चाळीस कागद, आणि सत्ताविसाव्या पानावर इतर तपासण्यांच्या गर्दीत ७.८. तिरका स्कॅन, आकड्याचा अर्धा भाग कडेला कापलेला, तो घेता येत नाही. तज्ज्ञाचं पत्र, "आज ७.२ आहे, सुधारणा आहे," तारखेसकट, हे चालतं. पेशंटने तोंडी सांगितलेलं, "मागच्या वेळी साडेसात होतं," हे तारीख आणि रिपोर्ट नसल्यामुळे आम्ही सोडून देतो. एकाचा रिपोर्ट होता ६.९, तारीख २९ डिसेंबर २०२२. तीन दिवसांनी वर्ष बदललं म्हणून तो बाद. असं काही सापडलं की त्या अनोळखी माणसासाठी वाईट वाटतं, खरंच वाटतं.

आणि वर्षातला सगळ्यात चांगला आकडा घ्यायचा नसतो, शेवटचा घ्यायचा असतो. जूनमध्ये ७.१ आणि नोव्हेंबरात ९.३ असेल, तर ९.३. हे नव्या मुलांना मी तीन-तीनदा सांगते. शेवटचा आकडाच सांगतो की माणूस आज कुठे आहे.

आम्ही आकडा, तारीख आणि पानाचा क्रमांक काढून देतो, तिथली नर्स तपासून नोंद करते. प्रत्येक कागदाची प्रत जपायची, सहा वर्षं, कारण तपासणी केव्हाही येऊ शकते. तीन जणांनी अकरा रात्री बसून ८३ पैकी ४६ जणांचे आकडे शोधले. त्यांतले ४१ नऊच्या आत निघाले, ५ वर. अंश १२६ वरून ८५ वर आला, टक्का ३७ वरून २५. उरले ३७ जण, ज्यांचा रिपोर्ट कुठल्याच कागदावर नव्हता.

आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी सुचवलं, "हे सदतीस जण वर्षभर फिरकलेच नसतील. क्लायंटला सांगून त्यांना इनॅक्टिव्ह करून घेऊ या. छेदातून गेले की विषय संपला." मी हिशेब केला. ३०१ मध्ये ४८, म्हणजे १६ टक्के. पंचविसावरून सोळा, एका दुपारच्या ईमेलने. हे सर काही वाईट माणूस नव्हते. मार्चअखेर तोंडावर होती, आठ दवाखान्यांचं काम बाकी होतं, आणि चांगल्या गुणांवर आमच्या कंपनीचंही पुढचं काँट्रॅक्ट अवलंबून होतं. मी लगेच नाही म्हणाले नाही. उद्या सांगते म्हणाले आणि घरी आले.

इथे आईबद्दल सांगायला हवं. ती महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर आरोग्य स्वयंसेविका होती. तुटपुंजं मानधन, आणि भांडुपच्या डोंगरावरची वस्ती. खिंडीपाडा, टेंभीपाडा, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. पल्स पोलिओच्या वेळी रविवारी बूथ असायचा आणि सोमवारपासून घरोघर फिरणं. दहावी-अकरावीत असताना मीही तिच्यासोबत गेलेय, बर्फाच्या पिशव्यांची निळी पेटी खांद्याला लावून. डोस झालेल्या घराच्या दारावर खडूने पी लिहायचा. घर बंद असेल, पोर गावाला गेलेलं असेल, आई-बाप नको म्हणत असतील, तर एक्स. खाली तारीख.

आई एक्सची वेगळी वही ठेवायची. संध्याकाळी माणसं कामावरून येतात म्हणून सात वाजता पुन्हा त्याच पायऱ्या. मला कंटाळा यायचा. एकदा एका कुलूप लावलेल्या घरासमोर मी म्हटलं, "आई, नाहीये कुणी. लिही ना, या घरात मूल नाही म्हणून, संपलं." तिने वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "घर बंद आहे म्हणून आत पोर नाही असं धरायचं? मग ज्याला पाजायचं राहिलं, तेच पोर आपण वहीतून काढून टाकलं की." त्या घरी आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आत दोन मुलं होती. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या मूळ (वन्य) विषाणूची नवी केस झाली नाही आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. बातम्या बघताना आई काही बोलली नाही. उठून तिने ती एक्सची वही कपाटातून काढली. ती तिने अजून जपलीय.

त्या फेब्रुवारीत मी तिला सदतीस जणांचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ते आले नव्हते हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. सरांनी धरून चाललं होतं आणि मीही. दुसऱ्या रात्री जाऊन मी सदतीस फाइली उघडल्या आणि वेड्यासारखी बघत बसले. हे मला आधीच कळायला हवं होतं. वर्षात किमान एकदा दवाखान्यात आल्याशिवाय माणूस छेदात येतच नाही! सदतीसच्या सदतीस जण येऊन गेले होते. कुणी घसा दुखतो म्हणून, कुणी गुडघ्यासाठी, कुणी फ्लूची लस घ्यायला, एकजण नोकरीच्या फॉर्मवर सही घ्यायला. एक बाई वर्षात पाचदा आल्या होत्या, पाचही वेळा पाठदुखीसाठी. फाइलीच्या पहिल्याच पानावर डायबिटीस लिहिलेलं होतं. पाचही वेळा वजन झालं, रक्तदाब झाला, औषध लिहून दिलं, आणि साखर कुणी बघितली नाही.

आईच्या वस्तीतली घरं तरी बंद होती. हे लोक स्वतःच्या पायांनी दारातून आत आले होते.

तेव्हा मला त्या बी. फार्म मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रिकाम्या रकान्याला वाईट धरतात ते पेशंटला दोष देण्यासाठी नव्हे. तो रकाना विसरणं दवाखान्याला महाग पडावं म्हणून. रिकामा रकाना छेदाबाहेर काढायची मुभा असती, तर ज्याची कुणी तपासणी केली नाही तो माणूस नसल्यातच जमा झाला असता, आणि दवाखान्याचा टक्का सुंदर दिसला असता. ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याने कधीतरी घरोघर फिरून वही भरली असणार, असं मला मनापासून वाटतं.

मी सरांना नाही म्हणून सांगितलं. येऊन गेलेल्या माणसाला इनॅक्टिव्ह करणं नियमातही बसत नव्हतं, त्यामुळे वाद फार लांबला नाही, पण काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. सबमिशन २५ टक्क्यांनीच गेलं. एकूण गुण ७५ च्या वर राहिले, पण थोडक्यात. सोबत मी दवाखान्याच्या ऑफिस मॅनेजर बाईंना एक पान पाठवलं. सदतीस ओळी. पेशंटचा क्रमांक, वर्षात कितीदा आला, कशासाठी आला. बाकी काही लिहिलं नाही. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी ते पान चारही डॉक्टरांसमोर ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, हे आम्हाला फेब्रुवारीत का कळतं?

प्रश्न बरोबर होता, आणि या सगळ्या व्यवस्थेचं मोठं दुखणं तिथेच आहे. ३१ डिसेंबरला वर्ष संपतं. त्यानंतर कुणाचं रक्त काढून मागच्या वर्षाचा रकाना भरत नाही. आम्ही जानेवारीत फाइली उघडतो आणि मार्चपर्यंत खपतो, म्हणजे निकाल लागून गेल्यावर पेपर तपासत बसतो. कागद सापडतात, माणूस सापडत नाही. पैसे देणाऱ्याला वर्षातून एकदा आकडा लागतो म्हणून आम्हीही तो वर्षातून एकदाच काढत होतो. पोर्टलने कधी मनाई केली नव्हती की जुलैत स्वतःपुरता काढून बघू नका.

म्हणून २०२४ मध्ये आम्ही त्या दवाखान्याचा रिपोर्ट जुलैत काढला आणि पुन्हा ऑक्टोबरात. पोर्टलवर चढवायचा नाही, फक्त रिकाम्या रकान्यांची यादी द्यायची. ऑक्टोबरात ९२ नावं होती. ऑफिस मॅनेजर बाईंनी एक साधी गोष्ट केली. रोज सकाळी त्या दिवशीच्या अपॉइंटमेंटच्या यादीत, ज्यांचा रकाना रिकामा त्यांच्या नावापुढे खूण. पेशंट कशासाठीही येवो, घसा असो की गुडघा, वजन करतानाच नर्सने बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं. लहान मशिनवर पाच-सहा मिनिटांत आकडा येतो आणि तो थेट योग्य जागी नोंदला जातो, फॅक्स नाही, स्कॅन नाही. ज्यांची अपॉइंटमेंट नव्हती त्यांना फोन. ३१ डिसेंबरला ९२ चे १९ उरले होते.

डिसेंबरात त्या यादीतल्या एका बाईंचा आकडा आला ११.४. साठीच्या आसपासच्या. मनगट मुरगळलं म्हणून आल्या होत्या. नोंदीवरून दिसत होतं की पावणेदोन वर्षांत कुणी तपासलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना इन्सुलिन सुरू झालं.

आता याचा गुणांवर परिणाम काय? काहीच नाही. रिकामा रकाना असताना त्या अंशात होत्या. ११.४ आल्यावरही अंशातच. टक्का तसूभर हलला नाही. आमच्या आढावा मीटिंगमध्ये हे कुणीतरी बोलून दाखवलं, की इतके फोन करून त्या केसमध्ये हातात काय आलं. त्या वेळी मला रडूच आलं असतं. एका बाईला आपण आंधळेपणाच्या, किडनी जाण्याच्या वाटेवर अडवलं, आणि आमच्या शीटवर त्याची नोंद शून्य.

नऊच्या रेषेचा हा दोष आहे आणि तो मला लपवायचा नाही. ११.४ वरून ९.१ ला आलेल्या माणसाला शून्य, आणि ९.१ वरून ८.९ ला आलेल्याला पूर्ण. माझ्या शाळेत दहावीला असंच व्हायचं. पस्तिसाच्या काठावरच्या, तीस-बत्तीस मार्कांच्या मुलांना सर संध्याकाळी थांबवून घ्यायचे, कारण ती पास झाली की शाळेचा निकाल वाढायचा. पंधरा-सोळावाली मुलं मागच्या बाकांवर तशीच. आमच्या धंद्यातही काठावरच्यांची यादी काढतात, ९.० ते ९.५ वाले. तीही काढावी, त्यांनाही मदत हवीच असते. पण मी आता ती एकटी पाठवत नाही. तिच्या वर दहाच्या पुढच्यांची यादी असते.

आणि याहून मोठी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आईच्या वहीवरून. जो माणूस वर्षात एकदाही आला नाही तो छेदातच नाही. मागच्या वर्षी येत होता, यंदा आलाच नाही, औषधं सुटली, दुसऱ्या गावी गेला, गेला असेल तर कुठे, यांतलं काहीही या मेजरला दिसत नाही. आईचा छेद म्हणजे घरं होती, आलेली माणसं नव्हती. आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात हायपरटेन्शनचा, म्हणजे उच्च रक्तदाबाचा, राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची मोजणी मला या बाबतीत अमेरिकेपेक्षा उजवी वाटते. एकदा नोंदवलेला पेशंट मागच्या तीन महिन्यांत आला नाही, तर त्याला आटोक्यात आलेल्यांत धरत नाहीत, आणि यादीतूनही काढत नाहीत. 'भेट चुकली' असा त्याचा स्वतंत्र आकडा असतो. हाच तो आईचा एक्स. इतकी चांगली व्याख्या आपल्या देशात सरकारी दवाखान्यांत वापरली जाते, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांना गुणांवर पैसे द्यायची योजना २००४ पासून आहे. सुरुवातीला १०५० गुण होते. तिथे पेशंटला वर्षात तीनदा बोलावून तो आला नाही, तर त्याला छेदातून वगळता यायचं. यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. ज्याला खरंच तपासणी नको आहे त्याच्यामागे गुणांसाठी हात धुऊन लागणं हेही वाईट. आईलाही दारातून हाकलून देणारे भेटलेत. पण तीन पत्रं टाकली आणि हिशेबातून काढलं, हे तिला पटलं नसतं. ती पुन्हा सात वाजता गेली असती. माझी एक मामेबहीण आशाताई आहे. तिशीपुढच्या माणसांचा डायबिटीस-रक्तदाबाच्या धोक्याचा फॉर्म भरला की दर फॉर्ममागे दहा रुपये मोबदला असतो, कंबर टेपने मोजण्यापासून सगळं त्यात आलं. फॉर्म भरल्याचे पैसे आहेत म्हणून फॉर्म भरले जातात. पुढे त्या माणसाची साखर उतरली का, हे विचारायला ती तशीही जाते, कारण ती त्याच वाडीत राहते.

यंदाच्या सबमिशनमध्ये त्या दवाखान्याचे मधुमेहाचे आकडे मागच्यापेक्षा पुष्कळ चांगले गेले. शेवटच्या दिवसापर्यंत काही अडकलं नाही. रात्री पावणेतीननंतर कॅबला वेळ होता म्हणून मी आणखी एक यादी काढली. ती कुठलंच पोर्टल मागत नाही. २०२३ मध्ये येऊन गेलेले आणि २०२४ मध्ये एकदाही न आलेले डायबिटीसचे पेशंट. ४४ निघाले. ऑफिस मॅनेजर बाईंना पाठवून दिली. त्यांचं लगेच उत्तर आलं, त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. यांतल्या सहाजणांचे फोन नंबर बंद आहेत हे त्यांना आधीच माहीत होतं, पण दोघे चर्चमध्ये भेटतात म्हणाल्या, रविवारी विचारते.

चहा पिताना मी आईला ११.४ वाल्या बाईंचं सांगितलं. मार्चमध्ये त्यांची पुन्हा तपासणी झाली. ९.६ आलं. गुणांच्या भाषेत अजून नापास.

"उतरली की," आई म्हणाली. "परत कधी बोलावलंय?"

जूनमध्ये.